पिठात घासलेट

काठखेड, ता. मूर्तिजापूर
१९ जानेवारी १९५७

मोतीरामभाऊ,

जयभीम. तू पत्राच्या वर 'रामराम' लिहितोस म्हणून मी मुद्दाम हे लिहिलं. पाकिटावर लिहिलेलं नाही, घाबरू नको. तुझ्या घरमालकाला दिसणार नाही.

तुझं पत्र मिळालं. सात महिन्यांनी लिहिलंस आणि त्यात काय, तर उपदेश. मीठ-मिरची नत्थुजीच्या दुकानातून आणत जा, तो मापात मारत नाही. घासलेट दर आठवड्याला थोडं थोडं घ्या. ज्वारी खुशालराव पाटलांच्या गिरणीवर दळा, अकोल्यापेक्षा पीठ चांगलं निघतं. जळण विकत घेऊ नका, शेतांमधल्या कापसाच्या पऱ्हाट्या फुकट मिळतात. आईला जपा.

भाऊ, तू कोणत्या गावाबद्दल लिहितोस?

नागपूरला दीक्षेला आम्ही सगळे गेलो, तू आला नाहीस. ते सोडून देते. आल्यावर घरातले देव काढले आणि गावाची कामं बंद केली. तेव्हाही कोणी काही बोललं नाही. डिसेंबरात खुशालराव पाटलाची चुलती वारली. गावात कोणी मेलं की सरणाची लाकडं आपण वाहायची, ही रीत तुला माहीत आहे. बाबांच्या खांद्यावरचा घट्टा तू पाहिलेला आहेस. निरोप आला तसा माझा नवरा पुंजाजी आणि आपल्या बौद्धवाड्यातले चार जण पाटलाकडे गेले. पुंजाजी किती हळू बोलतो ते तुला ठाऊक आहे. तो म्हणाला, "पाटील, म्हातारीच्या मातीले आमी समदे येऊ. मानूस म्हनून येऊ. लाकडं मात्र नाई वाहनार."

तिसऱ्या दिवशी पाटील चावडीसमोर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या मेलेल्याले यायचं लाकूड नाई, त आमचं लाकूड यायच्या चुलीले नाई. दुकान नाई, गिरनी नाई, काम बी नाई. पाहू किती दिस चालते यायची ऐट."

दुसऱ्या दिवशी मी मीठ आणायला गेले. नत्थुजी म्हणाला, मीठ नाई. मिठाचं पोतं तोंड उघडं करून त्याच्या मांडीला टेकून उभं होतं. मी म्हटलं, "मंग हे काय आहे?" तो म्हणाला, "ते इकलेलं हाय." घासलेटच्या डब्यावर हात ठेवून म्हणाला, हे बी इकलेलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मापात न मारणारा माणूस आहे, बरोबर लिहिलंस.

आता आम्ही वस्तू कुठून आणतो ते ऐक. ज्वारी दर्यापूरच्या बाजारातून, चार कोस जायचं आणि चार कोस डोक्यावर घेऊन यायचं. दळणही तिथेच, कारण गावात गिरणी आल्यापासून वाड्यातली निम्मी जाती मोडून पडली. घासलेट तिथूनच, बाटलीने. बाटलीला दुकानदार बूच देत नाही, म्हणून चिंधी कोंबतो. जळणासाठी नाल्याकाठच्या बाभळीचे काटे. शिवाय रेल्वेच्या रुळांकडेला इंजिनातून पडलेला कोळसा, तो पार्सलच्या गाडीनंतर जास्त सापडतो. पऱ्हाट्या शेतात उभ्या सुकून चालल्या आहेत. पाटलाची सून सुभद्रा दर वर्षी मला दोन भारे नेऊ द्यायची. परवा बांधावर दिसली. पदर ओढून घरात गेली.

तू अकोल्यात ज्या पेढीवर लिहिण्याचं काम करतोस तिथे धान्य आणि घासलेट ठोकात विकतात. आम्हाला फुकट नको. वाड्यातली चाळीस घरं मिळून रोख देऊ. एक गाडी माल काठखेडपर्यंत येईल एवढी सोय कर. दुसरं काही मागत नाही.

आई बरी आहे.

पंचफुला

९ मार्च १९५७

भाऊ,

तुझं उत्तर पाच ओळींचं. शेठला सांगता येणार नाही, तुमच्यापैकी एकाने जाऊन पाटलांची माफी मागावी, सगळं पूर्ववत होईल. 'तुमच्यापैकी' असं लिहिलंस. मी ते तीनदा वाचलं.

आम्ही माफी मागितलेली नाही. पुढे काय झालं ते सांगते.

मागच्या महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही पाच बाया दर्यापूरला गेलो. ज्वारी घेतली, दळली, घासलेटच्या बाटल्या भरल्या आणि परत निघालो. चारचा सुमार असेल, ऊन चांगलं होतं. नाल्याच्या उतारावर पाटलाचे दोघे पुतणे आणि त्यांचा एक गडी बसले होते. त्यांच्या तोंडावर फडकं नव्हतं की काही नव्हतं. ते लपलेलेही नव्हते.

मोठा उठला आणि माझ्यासमोर उभा राहिला. "काय आनलं वं?"

"पीठ."

"उतार."

मी म्हटलं, "रस्ता सरकारचा आहे. बाजूले व्हय."

त्याने डोक्यावरचं गाठोडं ओढून खाली घेतलं. मग मलाच म्हणाला, "सोड गाठ." मी सोडत नव्हते तेव्हा गड्याने माझा हात धरला आणि माझ्याच बोटांनी गाठ सोडवून घेतली. पुतण्याने बाटलीची चिंधी काढली आणि आरामात, जसं वरणावर तेल सोडतात तसं, सगळं घासलेट पिठावर ओतलं. पाचही गाठोड्यांचं तसंच केलं. धाकटा हसत होता. "घ्या. आता एकाच गाठोड्यात समदं झालं. भाकर बी अन् दिवा बी."

आम्हाला मारलं नाही. बाटल्यासुद्धा फोडल्या नाहीत, रिकाम्या परत दिल्या.

पुंजाजीने ठाण्यात जाऊन सांगितलं. जमादार आला, पाटलाकडे चहा प्याला, नत्थुजीला विचारलं. नत्थुजी म्हणाला, माल संपतो तेव्हा सगळ्यांनाच मिळत नाही. नाल्यावरच्या गोष्टीबद्दल जमादाराने लिहून घेतलं की बायकांच्या बाटल्या वाटेत सांडल्या. मी म्हटलं, पाचही एकदम? तो म्हणाला, "बाई, तुले लिहिता येते म्हनून जास्त बोलू नको."

भाऊ, लिहायला मला तू शिकवलंस. चौथीपर्यंत माझी पाटी रोज तू तपासायचास. तेवढ्यासाठी अजून तुला पत्र लिहिते आहे.

पत्राने तुझं काम होत नसेल तर मी समोर येऊन सांगते. पुढच्या आठवड्यात दर्यापूरजवळच्या बनोश्याहून गाडीत बसते. मूर्तिजापूरला गाडी बदलायची, मला माहीत आहे. पत्ता तुझ्या पाकिटावर आहे.

आई बरी आहे.

पंचफुला

२२ मार्च १९५७

भाऊ,

मी घरी पोचले. तू विचारलेलं नाहीस, पण कळवते. पुंजाजीने विचारलं, भाऊ भेटला का? मी म्हटलं, भेटला, कामात होता. आईला सांगितलं, तुझी तब्येत चांगली आहे, अंगावर कोट होता.

जास्त लिहीत नाही.

पंचफुला

१४ एप्रिल १९५७

भाऊ,

आज जयंती आहे. वाड्यात निळी पताका लावली आहे, दिव्याला घासलेट नाही म्हणून सभा दिवसाच घेतली. सगळे तिकडे आहेत. मी घरी बसून हे लिहिते आहे, कारण मागच्या पत्रात लिहिलं नाही ते पोटात राहत नाही.

जुन्या शहरात तुझी गल्ली शोधायला मला तास लागला. मी मोतीरामचं नाव घेतलं तर कोणाला माहीत नव्हतं. मग एकजण म्हणाला, पेढीवरचे पाटीलबाबू का? मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात तू जिन्यावर दिसलास.

पाटीलबाबू.

घरमालकीण रुख्मिणीबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. चांगल्या बाई असतील. त्या म्हणाल्या, "पाटील, तुमच्या गावची बाई आली जनू." तू माझ्याकडे पाहिलंस. भाऊ, मी तुला पाहून हसले होते. तू त्यांच्याकडे वळून म्हणालास, "हो, आमच्या शेतावर कामाले असते."

आमच्या शेतावर. आपलं शेत कुठलं रे? बाबा जन्मभर ज्याच्या शेतात राबले त्याचंच नाव तू लावलंस?

तरी मी थांबले. वाटलं, बाई आत गेल्या की तू बोलशील. बाई आत गेल्याच नाहीत. त्यांनी विचारलं, कोणत्या जातीची आहे? तू सांगितलंस. माझी जात तू खरी सांगितलीस. मग त्या म्हणाल्या, पाणी द्या तिला, उन्हातून आली. आणि तू तांब्या आणलास. मी पायरीवर बसले होते. तू उभा राहून वरून पाणी ओतलंस आणि मी ओंजळीने प्याले. पाणी माझ्या कोपरांवरून वाहत होतं आणि तू पाय मागे घेतलास, तुझ्या पायावर थेंब पडू नये म्हणून.

नत्थुजीने मला मीठ दिलं नाही, पण त्याने माझी पाटी कधी तपासली नव्हती.

मालाच्या गाडीचं मी बोललेच नाही. उठले आणि निघाले. तू जिन्यापर्यंतसुद्धा आला नाहीस.

आता दुसरं. ९ मार्चच्या पत्रात मी लिहिलं की आई बरी आहे. ते खोटं होतं. मला वाटलं, तुला काळजीचाही हक्क देऊ नये. आज देते.

त्या शनिवारचं पीठ मी उकिरड्यावर टाकायला निघाले तर आईने गाठोडं धरून ठेवलं. म्हणाली, "अन्न हाय ते. इस्तू लागली नाई अजून." उन्हात पसरलं, दोन दिवस वारा दिला, वरवरचं कोरडं काढून घेतलं. मला म्हणाली, आता वास नाही. मी म्हटलं, तरी खायचं नाही. ती हो म्हणाली. मी आणि पुंजाजी सडकेच्या कामावर गेलो की ती त्या पिठाच्या भाकरी करून खायची आणि चांगल्या पिठाच्या आमच्यासाठी झाकून ठेवायची. आठ दिवस. नंतर उलट्या सुरू झाल्या आणि छातीत खोकला बसला. दर्यापूरच्या दवाखान्यात बैलगाडीतून नेलं. डॉक्टरने तोंडाजवळ नाक नेलं आणि मला विचारलं, हिने काय प्यायलं आहे?

वाचली. पण श्वास घेताना आता शिट्टी वाजते, आणि चार पावलं चालली की बसते.

आणखी एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. तिच्या तोंडाला घासलेटचा वास मला दुसऱ्याच दिवशी आला होता. मला कळलं होतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर माझ्या ताटातली भाकरी अर्धी करावी लागली असती, आणि दिवसभर गिट्टी फोडून मला भूक लागलेली असायची.

म्हणून तुझ्यावर रागावताना माझं तोंड स्वच्छ आहे असं मी म्हणत नाही. तरी रागावते.

पंचफुला

१८ डिसेंबर १९५७

भाऊ,

आठ महिने तू गप्प होतास. आता पत्र आलं तर पहिलीच ओळ, 'तू हे काय केलंस?'

सांगते.

मार्चमध्ये तुझ्या गल्लीतून निघाले ती मोर्णेचा पूल ओलांडून सरळ कचेरीवर गेले. पुरवठ्याची कचेरी कोणती ते विचारत विचारत पोचले आणि फाटकाशी बसले. का गेले, मलाच माहीत नव्हतं. परत जायचं नव्हतं एवढंच. तिथला चपराशी बुधाजी पाण्याचा माठ भरत होता. मला पाहून म्हणाला, "बाई, कवापासून बसून राहिली? कोन्तं गाव?" मी गाव सांगितलं. दीक्षेनंतर मी कुंकू सोडलं आहे. त्याने माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, हळूच जयभीम म्हणाला, आणि पेला माझ्या हातात दिला. पेला, भाऊ. मी तिथे रडले. तुझ्या दारात रडले नव्हते.

त्यानेच सांगितलं की सरकार गावोगाव स्वस्त धान्याची दुकानं काढून राहिलं आहे, घासलेटचा परवानाही त्यातच मिळतो, आणि बाईच्या नावानेही मिळतो. छापील अर्ज त्याने दिला. तो भरून पाठवला, परत आला, पुन्हा पाठवला. तीनदा. एकदा शिक्का नाही म्हणून, एकदा जागेचा नकाशा नाही म्हणून. तिसऱ्यांदा मी स्वतः घेऊन जाणार होते. तेव्हा एक रकाना रिकामा होता: अर्जदाराचा कोणी नातलग धान्य किंवा तेलाच्या व्यापारात आहे काय, असल्यास नाव व पेढी.

तुला वाटतं की मी सूड म्हणून लिहिलं. खरं सांगू? मी 'नाही' लिहिणार होते. घरीच लेखणी 'ना'वर टेकवली होती. तू मला शेतावरची बाई केलंस, मी तुला कोणीच नाही करणार होते. तेव्हा मला बरं वाटत होतं.

आई खाटेवरून पाहत होती. तिला वाचता येत नाही, पण मी थांबले ते तिला दिसलं. म्हणाली, "काय इचारते कागद?"

मी म्हटलं, "भाऊ आहे का, असं विचारते."

"मंग?"

"नाही लिहिते."

ती उठून बसली. खोकल्यातून दम घ्यायला वेळ लागला. मग म्हणाली, "तो मले इसरला असन. म्या त्याले पोटात वागवलं, म्या नाई इसरली. सरकारच्या कागदावर माह्या लेकाले मेला लिहितं काय? लिव त्याचं नाव. आखं लिव, बापाच्या नावासंगं."

मी लिहिलं. मोतीराम, बाबांचं नाव, आपलं आडनाव, मुक्काम काठखेड, बौद्धवाडा. हाल मुक्काम अकोला. पेढीचं नावही लिहिलं. लिहिताना मला माहीत होतं काय होईल. आईला माहीत नव्हतं, मला होतं. तेवढा सूड माझा. तो मी नाकारत नाही.

पुरवठ्याचे साहेब चौकशीला तुझ्या पेढीवर गेले, सगळ्यांसमोर अर्ज वाचून तुला विचारलं, ही तुमचीच बहीण का. तू 'हो' म्हणालास, असं बुधाजीने सांगितलं. तुझ्या पत्रात हे नाही. तुझ्या पत्रात फक्त एवढंच की शेठने गादीवरून उठवून गोदामात पाठवलं, आणि रुख्मिणीबाईंनी त्याच दिवशी सामान ओट्यावर काढून ठेवलं, तुझ्या हाताचा तांब्या नळाखाली राखेने घासत बसल्या.

मला वाईट वाटायला हवं. वाटतं पण. आणि त्याच वेळी वाटतं, आता कळलं का?

पंचफुला

२७ फेब्रुवारी १९५८

भाऊ,

परवाना आला. दुकान आपल्याच घराच्या पुढच्या खोलीत आहे. पुंजाजीने भिंत फोडून फळी बसवली. पहिला माल बुधवारी आला: ज्वारीची बारा पोती, मीठ, साखर थोडी, घासलेटचे सहा डबे. गाडी चावडीवरून आली. पाटील ओट्यावर बसला होता. जमादारही सोबत होता, या वेळी कागद आमच्या बाजूचा होता. कोणी हात लावला नाही.

वाड्यातल्या बायकांनी रांग लावली. मी प्रत्येकीला माप पुरं दिलं. आईला खाटेसकट पुढे आणून ठेवली होती. ती पोत्यांकडे पाहत होती.

चौथ्या दिवशी दुपारी सुभद्रा आली. पाटलाची सून, डोक्यावर पदर, हातात बाटली. नत्थुजीचं घासलेट संपलं, या वेळी खरंच संपलं, आणि तिचं लेकरू तापाने फणफणलं होतं. रांगेतली जयवंता, जी त्या शनिवारी माझ्यासोबत होती, मोठ्याने म्हणाली, "इकलेलं हाय म्हन."

मलाही तेच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. सुभद्रा माझ्याकडे पाहत होती, तिने नजर खाली घेतली नाही. म्हणाली, "पंचफुला, म्या बांधावर त्या दिशी घरात पळाली. मले आठोते."

मी बाटली घेतली, भरली, परत दिली. जयवंता दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी चांगली आहे म्हणून दिलं असं समजू नको. नाही दिलं असतं तर मी नत्थुजी झाले असते, आणि त्या माणसासारखं व्हायला मी एवढं चालले नव्हते. पण बाटली देताना मी तिच्याशी गोड बोलले नाही. एक शब्दही बोलले नाही.

आता तुझं पत्र. बुधाजीच्या घरी राहतोस हे कळलं. त्याची बायको माणिकबाई तुला वाढते, तू ताटावर मान घालून जेवतोस, हेही कळलं. लिहितोस, आईला पाहायचं आहे, एखाद्या दिवशी अंधार पडल्यावर येतो, पहाटे निघून जाईन, उगीच गावात चर्चा नको.

नाही.

अंधारात यायचं नाही. दुपारच्या गाडीने बनोश्याला उतर आणि तिथून पायी ये, आम्ही पीठ आणायचो त्याच रस्त्याने. चावडीसमोरून ये. पाटील ओट्यावर असेल, नत्थुजी दुकानात असेल, ते विचारतील, कोण रे, कोणाकडे चालला? उभा राहा आणि सांग. आईचं नाव सांग, माझं सांग, वाडा सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग. मग घरी ये. मी पाणी पेल्यात देईन, जेवायला वाढेन, आणि आई तुझ्या तोंडावरून हात फिरवेल तेव्हा मी बाहेर दुकानात जाऊन बसेन, कारण माझा राग अजून गेलेला नाही आणि तो तिच्यासमोर नको.

पण अंधारात आलास, तर मी दार उघडणार नाही. आई आतून हाक मारत राहिली तरी नाही.

पंचफुला